लिनक्ससाठी कीबोर्ड घेताय? आधी त्याचे तीन दिवे बघा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडवर यूएसबी कीबोर्ड मागितला, की काउंटरवर साधारण तीन नमुने येतात. पहिला साधा काळा, १०४ बटणांचा, वायरचा. दुसरा रंगीत उजेडाचा 'गेमिंग'. तिसरा छोटा, बिनवायरचा, आकड्यांचा कप्पा नसलेला. 'लावा आणि चालवा' असं दुकानदार तिन्हींबद्दल सांगतो आणि ते खरंही आहे. लिनक्सवर तिन्हींची अक्षरं पहिल्या मिनिटापासून उमटतात, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. घोळ पुढे होतो. नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक ही तीन बटणं, त्यांचे तीन दिवे आणि काळ्या खिडकीत अचानक थिजलेलं टर्मिनल (कमांड लिहून मशीन चालवायची जागा) इथे हे तीन नमुने एकमेकांपासून फार वेगळे वागतात. म्हणून हे परीक्षण टायपिंगच्या मऊपणाचं नाही, लॉकच्या बटणांचं आहे.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं रोमनमध्ये, लहान अक्षरांत. 'उणे' म्हणजे आडवी रेघ, तिच्याआधी एक जागा.)

साधा काळा, तीन दिव्यांचा: पाचपैकी साडेचार

बहुतेकांना वाटतं की कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्ड स्वतःच दिवा लावतो. तसं नसतं. कीबोर्ड फक्त 'हे बटण दाबलं' एवढं कळवतो. ते ऐकून दिवा लावायचा हुकूम कॉम्प्युटर उलट पाठवतो. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ निरोप गेला, मशीनने तो वाचला आणि उत्तर परत आलं. चार-पाचशे रुपयांच्या कीबोर्डात बसवलेला हा तपासणीचा दिवाच आहे, आणि लिनक्स वापरणाऱ्याने पैसे त्याचे मोजायचे.

स्क्रीन थिजली, माउस हलत नाही, 'हाऊ अडकी गया' म्हणून हात थेट पॉवरच्या बटणाकडे जातो. त्याआधी नम लॉक दोनदा दाबा. दिवा लागून विझला तर मशीन जिवंत आहे. अडकलंय ते एखादं प्रोग्राम किंवा एखादी खिडकी. दिवा ढिम्म असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, कारण ग्राफिकल पडद्यावर दिव्यांचा कारभार डेस्कटॉपकडे असतो; डेस्कटॉप गोठला तर आतलं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठीक असूनही दिवा हलत नाही. मग कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर तिथून अडकलेलं प्रोग्राम मारता येतं. 'टॉप' चालवून त्याचा नंबर पाहा आणि 'किल' पुढे तो नंबर द्या. परत जायला कंट्रोल-आल्ट-एफ७, काही डिस्ट्रोंमध्ये (उबुंटू, मिंट अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांना डिस्ट्रो म्हणतात) एफ१ किंवा एफ२.

कॅप्स आणि स्क्रोल लॉकचे दिवे आपोआप एका तालात लुकलुकायला लागले, तर मात्र कर्नलच कोसळलं आहे. बंद करून चालू करण्याशिवाय इलाज नाही. हा इशारा जुन्या गोल पिनच्या पीएस-टू कीबोर्डवर आणि तशाच जोडणीच्या लॅपटॉप कीबोर्डवर मिळतो. यूएसबी कीबोर्ड अशा वेळी गप्प राहतो. जुना पीएस-टू भंगारात घालण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

आता तिसरा दिवा, स्क्रोल लॉक. एक्सेलवाल्यांना तो डोकेदुखी म्हणूनच माहीत असतो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे त्या कंट्रोल-आल्ट-एफ३ वाल्या कन्सोलवर, तो अजूनही मूळ काम करतो: दाबलं की धावतं आउटपुट थांबतं, परत दाबलं की सुटतं. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू हीच त्या कामाची जुनी जोडी. टेलिप्रिंटरच्या काळात छपाईचं यंत्र मागे पडलं की समोरच्याला 'थांब' सांगायला आस्की या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीतलं १९ नंबरचं चिन्ह जायचं आणि 'चालू दे' सांगायला १७ नंबरचं. कंट्रोल-एस म्हणजे तेच १९, कंट्रोल-क्यू म्हणजे १७. टेलिप्रिंटर गेले, सवय लिनक्सच्या टर्मिनलमध्ये राहिली.

वर्डमध्ये दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस मारणारा हात टर्मिनलमध्येही तेच करतो, मजकूर लिहायच्या 'विम' प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांतसुद्धा. अक्षरं उमटायची थांबतात, एंटर चालत नाही, कर्सर जागेवर. महाविद्यालयांच्या लिनक्स प्रॅक्टिकलमध्ये 'कीबोर्ड मेला' म्हणून जे कीबोर्ड बदलले जातात, त्यातल्या अनेकांचा आजार एवढाच असतो. कन्सोलवर कंट्रोल-एस दाबलं तरी स्क्रोल लॉकचा दिवा लागतो, त्यामुळे तीन दिव्यांच्या कीबोर्डवर रोग नजरेनेच ओळखता येतो. खिडकीतल्या टर्मिनलमध्ये हा दिवा लागत नाही. तिथे केडीई या डेस्कटॉपचा, 'कन्सोल' याच नावाचा टर्मिनल प्रोग्राम तेवढा शहाणा: कंट्रोल-एसमुळे आउटपुट थांबलंय, कंट्रोल-क्यू दाबा, अशी पट्टी वर दाखवतो. जीनोम आणि एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपांची टर्मिनलं चकार शब्द काढत नाहीत.

थिजलेल्या टर्मिनलवर काय करावं, यात क्रमाला महत्त्व आहे. पहिलं कंट्रोल-क्यू. त्याने चालू कामाचं नुकसान होत नाही, म्हणून ते पहिलं. वैतागून अक्षरं आणि एंटर बडवत बसू नका. ती वाया जात नाहीत, आत साठतात आणि टर्मिनल सुटताच एकामागोमाग चालतात. त्यात फाइली पुसणारी एखादी 'आरएम' कमांड असेल तर फाइली गेल्या. कंट्रोल-सी दाबल्यावरही टर्मिनल सुटतं, पण चालू कामाचा गळा दाबूनच. रात्रभर चाललेला बॅकअप त्यात मरतो. आणखी एक मेख: कंट्रोल-एसने प्रोग्राम त्याच क्षणी थांबत नाही. त्याचं आउटपुट साठवायची जागा भरेपर्यंत ते चालतं आणि मग अडतं. त्यामुळे बॅकअप घेताना दर फाइलचं नाव छापणारं 'टार' किंवा 'आरसिंक' थोड्या वेळाने बंद पडल्यासारखं दिसतं आणि शिव्या हार्डडिस्कला बसतात.

कंट्रोल-क्यूने सुटलं नाही तर इतर संशयित. पडद्यावर 'स्टॉप्ड' असं आलं असेल तर कंट्रोल-झेड दाबलं गेलंय. 'एफजी' लिहून एंटर, काम पुढे चालू. पासवर्ड मागितलाय आणि अक्षरं दिसत नाहीत? बहुतेक ठिकाणी ती दिसतच नाहीत, तारकासुद्धा नाही. लिहा आणि एंटर मारा. दूरच्या मशीनशी जोडणारं एसएसएच अडकलं, बहुधा नेट गेल्यामुळे, तर एंटर, मग टिल्ड (~), मग पूर्णविराम, या क्रमाने. मजकूर नसलेली (बायनरी) फाइल 'कॅट' कमांडने पडद्यावर ओतल्यावर अक्षरांऐवजी रांगोळी दिसायला लागली तर 'रीसेट' टाइप करा. एंटर चालत नसेल तर त्याऐवजी कंट्रोल-जे. 'स्क्रीन' नावाचा टर्मिनल प्रोग्राम वापरणाऱ्यांनी कंट्रोल-ए नंतर चुकून छोटा एस दाबला असेल, तर कंट्रोल-ए आणि क्यू. विंडोजवरून 'पुटी' या प्रोग्रामने सर्व्हरला जोडलेलं असलं तरी कंट्रोल-एसचा नियम तोच.

कायमचा बंदोबस्त एका ओळीचा: 'एसटीटीवाय', जागा, 'उणे आयएक्सऑन'. यामुळे कंट्रोल-एसची थांबवण्याची ताकद जाते आणि बॅशमध्ये (टर्मिनलात कमांड वाचणारा प्रोग्राम) तेच बटण जुन्या कमांड पुढच्या दिशेने शोधायला मोकळं होतं. ही ओळ घरच्या फोल्डरातल्या डॉट-बॅशआरसी फाइलच्या शेवटी टाका, सुरुवातीला नको. उबुंटू आणि मिंटच्या त्या फाइलीत वरच एक अट असते, माणूस समोर बसलेला नसेल तर तिथूनच परत फिरण्याची. आपली ओळ त्या अटीच्या वर गेली तर दुसऱ्या मशीनवरून एससीपीने फाइल पाठवताना 'इनअप्रोप्रिएट आयऑक्टल' अशी तक्रार येते.

अर्धा गुण कापला तो नम लॉकसाठी, आणि त्यात दोष कीबोर्डचा कमी, लिनक्सचा जास्त. पुष्कळ डिस्ट्रो सुरू होताना नम लॉक बंदच ठेवतात. व्यापाऱ्याच्या पेढीवर आकडे भरणारा माणूस उजव्या कप्प्यातून ४ दाबतो आणि कर्सर डावीकडे पळतो. मिंटमध्ये 'नमलॉकएक्स' हे पॅकेज टाका, मग लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये नम लॉक चालू ठेवायची खूण जिवंत होते. केडीईत कीबोर्डच्या सेटिंगमध्येच ती सोय आहे.

रंगीत उजेडाचा 'गेमिंग': अडीच

विंडोजवर झगमगतो, लिनक्सला लावला की अंधार. ग्राहक परत आणतो, दुकानदार विंडोजवर लावून दाखवतो, उजेड पडतो आणि भांडण सुरू. दोघंही खरं बोलत असतात. स्वस्त बॅकलिट कीबोर्डांमध्ये वेगळं सर्किट वाचवायला अख्खा उजेड स्क्रोल लॉकच्या दिव्याच्या तारेवर टांगलेला असतो. विंडोज स्क्रोल लॉक दाबलं की दिव्याचा हुकूम देतं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर ते बटण सहसा कशालाच जोडलेलं नसतं, म्हणून हुकूम जात नाही.

तात्पुरता उपाय: 'एक्ससेट', जागा, 'एलईडी', जागा, ३. अख्खा कीबोर्ड पेटतो. बटणाने चालू-बंद हवं असेल तर 'एक्समॉडमॅप'ने स्क्रोल लॉकला तिसऱ्या मॉडिफायरला (शिफ्ट-कंट्रोलसारख्या बटणांचा गट) जोडा. पण कीबोर्डची भाषा बदलली की ही जोडणी उडू शकते. दोन्ही उपाय एक्स-ऑर्गवरचे, म्हणजे खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवरचे. वेलँड या नव्या यंत्रणेवर 'ब्राइटनेससीटीएल' हे पॅकेज टाकून 'स्क्रोललॉक' नावाच्या एलईडीला १ द्यावा लागतो, आणि नंतर कॅप्स लॉक दाबलं की उजेड पुन्हा जाण्याची शक्यता असते.

याहून त्रासदायक म्हणजे या जातीतली गुप्त कुलुपं. एफएन आणि डब्ल्यू एकत्र दाबलं गेलं की काही मॉडेलांत डब्ल्यू-ए-एस-डी बाणांसारखे वागतात आणि बाण अक्षरं उमटवतात. एफएन आणि विंडोज बटणाने विंडोज बटणच बंद पडतं. हे सगळं कीबोर्डच्या पोटातल्या चिपमध्ये घडतं, लिनक्सला त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे सेटिंग कितीही धुंडाळली तरी उत्तर सापडणार नाही. तीच जोडी पुन्हा दाबायची, एवढंच.

छोटा बिनवायरचा: लिनक्सच्या माणसाला दोन

बॅटरी वाचवायला यात बहुधा लॉकचे दिवेच नसतात. कॅप्स लॉक चालू आहे हे पासवर्ड तीनदा चुकल्यावर कळतं. स्क्रोल लॉक नाही, आणि प्रिंट-स्क्रीन असलं तर एफएनच्या आड. त्या प्रिंट-स्क्रीनचंच दुसरं नाव सिस-रिक्यू. मशीन पूर्ण गोठल्यावर आल्ट आणि सिस-रिक्यू धरून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबली, की साठलेला डेटा डिस्कवर उतरतो, डिस्क फक्त-वाचन होते आणि मशीन पुन्हा सुरू होतं. पॉवर दाबून धरण्यापेक्षा हे किती तरी सुरक्षित. उबुंटूत ही तीन अक्षरं मुळातच चालू असतात. सिस-रिक्यूला कशाकशाची परवानगी हे ठरवणारा तिथला आकडा १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६ ची बेरीज, प्रत्येक अक्षरामागे एक. आल्ट, एफएन, प्रिंट-स्क्रीन आणि वर एक अक्षर अशी चार बोटांची कसरत मात्र एकट्याने जमत नाही.

काही छोटे कीबोर्ड स्वतःची ओळख ॲपलचा कीबोर्ड म्हणून देतात. मग एफ३ दाबलं की भलतंच मीडिया बटण चालतं आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ निकामी होतं. कर्नलच्या एचआयडी-ॲपल या भागाची 'एफएनमोड' ही सेटिंग २ केली की गाडी रुळावर येते.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी एक जादा फायदा

देवनागरी चालू राहिली आणि टर्मिनलमध्ये 'एलएस' लिहायला गेलं की इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत एसच्या जागी एकाराची मात्रा पडते. कमांड सापडत नाही, पासवर्ड चुकतो. एक्स-ऑर्गवर 'सेटएक्सकेबीमॅप'चे दोन पर्याय इथे कामाला येतात: 'जीआरपी' विसर्गचिन्ह (म्हणजे कोलन) 'एससीएलके_टॉगल' दिला की स्क्रोल लॉक दाबून भाषा बदलते, आणि 'जीआरपी_एलईडी' विसर्गचिन्ह 'स्क्रोल' दिला की तिसरा दिवा लागलेला असताना देवनागरी, विझलेला असताना इंग्रजी. हे फक्त पहिल्या नमुन्यावर नीट जमतं. दुसऱ्यावर मराठी लिहिताना अख्खा कीबोर्ड पेटेल, तिसऱ्यावर दिवाच नाही.

जिनिंगच्या गावांत आणि मे महिन्याच्या धुळीत कॅप्स लॉकखाली कापसाचा तंतू किंवा माती बसते आणि बटण खरोखरच अडकतं. खरा बिघाड ओळखायला 'ईव्हीटेस्ट' सूडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा, यादीतून कीबोर्डचा नंबर द्या. एकदा दाबल्यावर १ आणि सोडल्यावर ० एकदाच दिसायला हवा. दाबलेलं नसताना २ चा पाऊस पडत असेल तर बटण अडकलंय. बटणाची टोपी उचकटून ब्रशने साफ करा, चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही वायर काढून.

दुकानात लिनक्स नसलं तरी निवड अडत नाही. तिथल्या विंडोजवर लावून तिन्ही लॉक एकेक दाबा आणि तीन वेगळे दिवे लागतात का ते बघा. प्रिंट-स्क्रीनला स्वतंत्र बटण आहे का ते बघा. आणि स्क्रोल लॉक दाबल्यावर अख्खा कीबोर्ड उजळला, तर तो घरी लिनक्सवर अंधारातच बसणार, हे पैसे द्यायच्या आधीच धरून चाला.