गूगल स्कॉलर की पबमेड? बायोलॉजीवर लिहिताना आधी कुठे शोधायचं

निबंध स्पर्धा असो, कॉलेजचं मॅगझिन असो नाहीतर बीएस्सीचा प्रोजेक्ट, बायोलॉजीवर लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न माहिती कुठून घ्यायची हाच असतो. नुसती नावं सांगून उपयोग नाही, म्हणून एकच विषय घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी काय मिळतं ते बघू. विषय घेतलाय आपल्याकडची गिधाडं का संपली हा, कारण यात पक्ष्यांची मोजणी आहे, औषधाने किडनीचं काय होतं ते आहे, आणि शेवटी माणसांच्या मृत्यूंपर्यंत गेलेला हिशोबही आहे, म्हणजे तीन वेगळ्या प्रकारचा रिसर्च एकाच गोष्टीत.

आधी पबमेड. रिसर्च पेपर शोधायची ही साइट अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची आहे, १९९६ पासून सगळ्यांना फुकट. डायक्लोफेनॅक आणि व्हल्चर एवढं टाकलं की नेचर या जर्नलमधला (जर्नल म्हणजे रिसर्च छापणारं नियतकालिक) २००४ चा पेपर सापडतो, ज्यात पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली होती, त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिड साठलेलं, आणि कारण निघालं गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक, म्हणजे औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं आणि विष तिथून आलं. शरीर, आजार, औषध, जीन असलं काहीही असेल तर पबमेडला तोड नाही. डावीकडे फिल्टर असतात, त्यात रिव्ह्यू (एका विषयावरच्या रिसर्चचा आढावा) आणि फ्री फुल टेक्स्ट (पूर्ण पेपर फुकट) या दोनच ठिकाणी टिक केलं तरी निम्मा त्रास वाचतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर पबमेड तसं वरच ठळक दाखवतं. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा पेपर लॅन्सेट या मेडिकल जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला तरी अजून लोक त्याचे दाखले देतात, पबमेडवर उघडला असता तर पहिल्याच नजरेत कळलं असतं.

पण पबमेड मुळात मेडिकलकडे झुकलेलं. पक्षी मोजले, जंगल फिरले, बेडकाची नवी जात सापडली, असल्या फील्डवरच्या कामातलं बरंच तिथे येतच नाही. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जर्नल १८८६ पासून निघतंय, भरतपूरच्या केवलादेव पार्कमध्ये गिधाडं कमी होतायत हे १९९९ मध्ये त्यातच छापून आलं होतं, आणि पबमेडवरच बसून राहिलात तर ते हाताला लागणार नाही.

तिथे गूगल स्कॉलर कामाला येतं. गूगलचं हे रिसर्च शोधायचं सर्च इंजिन २००४ मध्ये सुरू झालं, आणि त्यात सगळंच येतं, पेपर, थिसिस, पुस्तकातली प्रकरणं, कॉन्फरन्सचे कागद, छोटी जर्नल्स. मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात, एक म्हणजे या पेपरचा दाखला पुढे कोणी कोणी दिला ते एका क्लिकवर दिसतं, म्हणजे २००४ च्या पेपरवरून थेट आजपर्यंत येता येतं, आणि दुसरी म्हणजे सगळ्या आवृत्त्यांची लिंक, पैसे मागणाऱ्या पेपरची फुकट कॉपी बऱ्याचदा तिथेच असते. अडचण एवढीच की स्कॉलर निवड करत नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्सही त्याच यादीत चांगल्या पेपरच्या शेजारी असतात, आणि पेपर वर आलाय म्हणजे चांगला असंही नाही, जुना आणि जास्त दाखले मिळालेला म्हणूनही तो वर येतो. जर्नलचं नाव अनोळखी वाटलं तर डीओएजेवर बघा, ती ओपन ॲक्सेस जर्नल्सची तपासून केलेली यादी आहे. तिथे नाही म्हणजे वाईट असं नाही हां, कारण सबस्क्रिप्शनवाली जर्नल्स तिथे नसतातच.

शोधताना शास्त्रीय नाव टाका. गिधाड म्हणून शोधाल तर जगभरची गिधाडं येतील, जिप्स बेंगालेन्सिस टाकलं की आपलं पांढऱ्या पाठीचंच येईल. नावं बदलतातही, लांब चोचीचं म्हणून जुन्या पेपरमध्ये जे एकच गिधाड आहे त्याच्या पुढे दोन जाती मानल्या गेल्या, इंडिकस आणि टेन्युइरोस्ट्रिस, त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवताना जपून.

आता आकड्यांचंच बघा. बातम्यांमध्ये सर्रास येतं की भारतातली ९९.९ टक्के गिधाडं संपली. हा आकडा देणारा एक पेपर प्लॉस वन या जर्नलमधला २०१२ चा आहे, पूर्ण फुकट आहे, आणि त्यात लिहिलंय की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या २००७ पर्यंत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या ०.१ टक्क्यावर आली, आणि बाकीच्या त्या दोन जाती मिळून ३.२ टक्क्यांवर. म्हणजे ९९.९ हा एका जातीचा आकडा. तसंच गिधाडं गेल्यामुळे, म्हणजे मेलेली जनावरं खायला कोणी न उरल्याने रोगराई वाढून, पाच लाख माणसं मेली हेही वाचलं असेल. तो अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमधला २०२४ चा पेपर, दोन अर्थशास्त्रज्ञांचा, ज्या जिल्ह्यांत गिधाडं भरपूर असायची आणि जिथे मुळातच कमी होती त्यांची तुलना करून साधारण २००० ते २००५ या काळासाठी काढलेला तो अंदाज आहे, कोणी प्रेतं मोजलेली नाहीत. तुमच्या लेखात "अंदाज" हा शब्द आलाच पाहिजे. हा पेपर स्कॉलरवर मिळेल, वर्किंग पेपर (छापण्याआधीचा मसुदा) आणि छापलेला असे दोन्ही, त्यातला छापलेला वापरा.

बायोआर्काइव्ह या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच टाकलेले पेपर असतात, त्यामुळे तिथे सगळ्यात ताजं मिळतं, पण तिथलं काम अजून इतर तज्ज्ञांनी तपासलेलं नसतं. २०२० च्या जानेवारीअखेरीस दिल्लीच्या संशोधकांनी नव्या करोना व्हायरसमध्ये एचआयव्हीसारखे तुकडे आहेत असं तिथे टाकलं, जगभर गाजलं, आणि टीका झाल्यावर दोनेक दिवसांत मागे घेतलं. विद्यार्थ्याच्या लेखाला मी प्रीप्रिंट शक्यतो वापरू नका असंच म्हणेन, वापरलंच तर तसं लिहा. काही प्रीप्रिंट पबमेडवरही दिसतात, त्यामुळे तिथेही पानाच्या वर दिलेली सूचना वाचायची.

विकिपीडिया विषय समजून घ्यायला छान आहे, खालच्या संदर्भांवर क्लिक करून मूळ पेपरपर्यंत जायचं. चॅटबॉटने दिलेला पेपर मात्र डीओआय (प्रत्येक पेपरचा ठरलेला ऑनलाइन नंबर) टाकून उघडल्याशिवाय लिहूच नका, लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपरच अस्तित्वात नाही असं होतं. अकरावी-बारावीवाल्यांना थेट पेपर जड जात असतील तर इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं रेझोनन्स वाचा, विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि फुकट आहे.

मग निवडायचं काय? डायबेटिस, लस, अँटिबायोटिक, जेनेटिक्स असेल तर पबमेडपासून सुरुवात करा आणि पुढचे दाखले बघायला स्कॉलर. सह्याद्रीतले बेडूक, माळरानावरचे पक्षी, देवराया असेल तर उलट, आधी स्कॉलर, मग त्या क्षेत्रातली जर्नल्स, आपल्याकडच्या प्राण्यांसाठी कोइम्बतूरचं जर्नल ऑफ थ्रेटण्ड टॅक्सा फार उपयोगी आणि फुकट. एकच निवडायला लावलं तर नवख्याला मी पबमेड सांगेन, विषय बसत असेल तर, कारण तिथे चुकायची शक्यता कमी.

पेपर पैशांमागे अडकला तर आधी कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय आणि सरकारी संस्थांना त्यातून जवळपास १३,००० जर्नल्स मिळतात. तुमचं कॉलेज त्यात नसेल तर पेपरवर लेखकाचा ईमेल असतोच, मी अमुक कॉलेजात शिकतो, या विषयावर लिहितोय, पीडीएफ पाठवाल का, एवढं चार ओळीत लिहून पाठवा, बरेच जण खरंच पाठवतात.