चाळणीला पास, पिकलेपणात नापास

घरी भाजायला मागवलेल्या या कच्च्या कॉफी बियांच्या आकाराला नाव ठेवायला जागा नाही. पिशवीवर १८ नंबरची चाळणी लिहिलंय, म्हणजे चाळणीची भोकं साधारण ७.१ मिलिमीटरची, आणि बिया खरंच एकसारख्या टपोऱ्या आहेत. ओलावा मीटरवर ११ टक्क्यांच्या आसपास आला, तोही ठीक.

पण ‘फक्त पिकलेली लाल फळं वेचून’ हा विक्रेत्याचा दावा काही पटला नाही. ताटात पसरून बघा. मधूनमधून फिकट, आत वळलेल्या, धारदार कडांच्या बिया दिसतात. त्यांचं चंदेरी साल नखानं खरवडलं तरी सुटत नाही. ही कच्च्या फळांची खूण. भाजल्यावर तर सोंग उघडंच पडतं: बाकीच्या छान तपकिरी होतात, या मात्र पिवळट राहतात, कारण पुरेशी साखर भरायच्या आतच फळ तोडलेलं. एक चावून पाहिली, शेंगदाण्याचं टरफल चघळल्यासारखी लागली. चाळणी आकार निवडते, पिकलेपण नाही, हे विक्रेत्याला कोण सांगणार?

फिकट बिया काढून टाकल्या की कॉफी गोड आणि स्वच्छ उतरते, हेही खरं. निवडत बसायचा कंटाळा नसेल तरच घ्या.