'कम्युनिटी'च्या चौथ्या पर्वाचा शेवट

'कम्युनिटी' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर ९ मे २०१३ रोजी दाखवला गेला, आणि रत्नागिरीतील आम्हा चाहत्यांमध्ये त्यावरून अजूनही मतभेद आहेत. मालिकेचा जनक डॅन हार्मन याला २०१२ मध्ये बाजूला सारण्यात आल्यानंतर बनलेल्या या १३ भागांत पात्रे तीच राहिली, परंतु त्यांच्या स्वभावातील धार गेली. कॉलेजात शिकणाऱ्या जेफ या मुख्य पात्राची पदवी हा निरोपाला अत्यंत साजेसा प्रसंग होता. त्यात समांतर विश्वातील दुष्ट प्रतिरूपे आणि पेंटबॉलच्या (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याच्या खेळाच्या) बंदुका आणून अखेर तो सारा संघर्ष जेफच्या मनातलाच ठरवल्यामुळे मैत्रीच्या ताटातुटीला हवा तेवढा वेळच मिळाला नाही. पहिल्या पर्वातील पेंटबॉलची लढाई पात्रांच्या परस्परसंबंधांतून उभी राहिली होती, येथे मात्र केवळ जुनी आठवण चाळवली जाते.

मांडवीच्या जेटीवर याविषयी बोलताना एक मित्र कळकळीने म्हणतो, "अरे, शेवटी सगळे एकत्र आले, तिथेच मालिका थांबायला हवी होती." मला ते पटत नाही. दुसऱ्याच दिवशी पाचवे पर्व जाहीर झाले आणि पुढे हार्मन परतला, म्हणूनच जेफला त्याच कॉलेजात शिक्षक करण्याची सुंदर कल्पना आपल्याला पाहायला मिळाली. नव्या प्रेक्षकांनी पहिली तीन पर्वे सावकाश पाहावीत, चौथ्यातले निवडक भाग पाहावेत आणि पाचव्याकडे वळावे.