संस्थेच्या मराठी मजकुरासाठी ‘मुक्ता’ फॉन्ट

मी पुण्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या संवाद विभागात लिहिते. काम पोषण आणि आरोग्याचं. तोच मजकूर आज व्हॉट्सॲपवर जातो, उद्या पोस्टरवर, मार्चनंतर वार्षिक अहवालात. त्यामुळे फॉन्टची निवड डिझायनरवर सोडून भागत नाही. माझं मत पूर्णपणे ‘मुक्ता’च्या बाजूने आहे.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला हा युनिकोड (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एकाच सांकेतिक पद्धतीचा) फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे छपाईला, वेबसाइटला, पीडीएफला वेगळे पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या ऑफिसातला कार्यकर्ताही तो आपल्या लॅपटॉपवर टाकून घेतो आणि मी पाठवलेली फाइल त्याच्याकडे जशीच्या तशी उघडते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की रफार आणि पहिली वेलांटी अक्षर न् अक्षर तपासावी लागते. तो वेळ कुठल्याच बजेटमध्ये नसतो!

खरी परीक्षा अंगणवाडीच्या भिंतीवर होते. पोस्टर वजनकाट्याच्या वर लागतं, बाया खाली सतरंजीवर बसून वाचतात. ‘लोहाची गोळी कोऱ्या चहाबरोबरही घेऊ नका’ ही ओळ घ्या. ‘ऱ्या’मधली ती बारीक रेघ लांबून पुसट झाली तर वाचणारी अडखळते. मुक्ताची रेषा जवळपास एकसारख्या जाडीची, अक्षरांची पोटं मोकळी. त्यामुळे घ-ध, भ-म यांची गल्लत होत नाही. ‘ॲनिमिया’तला ॲ सुद्धा नीट उमटतो. नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला कुणाची मदत न घेता ती ओळ लागावी, एवढ्यासाठी तर आपण लिहितो.

मुक्ताची सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे सात प्रकार, आहेत. पोस्टरच्या मथळ्याला एक्स्ट्राबोल्ड, मजकुराला रेग्युलर. लाइट मी छापील कामात टाळते, साध्या कागदावर तो फिका पडतो. रोमन अक्षरंही ह्याच घराण्यातली असल्याने ८०-जीचा (देणगीवरच्या करसवलतीचा) तपशील किंवा ईमेलचा पत्ता मजकुरात उपरा दिसत नाही.

उणं म्हणाल तर इटॅलिक, म्हणजे तिरकं अक्षर, नाही. मुलाखतीतलं बोलणं वेगळं दाखवायला मी मीडियम वापरते आणि समास वाढवते. सॉफ्टवेअरने खोटं तिरकं केलेलं अक्षर मात्र कृपा करून छापू नका. ओळींमधलं अंतरही मुळातच ऐसपैस आहे. चार पानी पत्रकात ते हाताने कमी करावं लागतं, पण मात्रा वरच्या ओळीतल्या उकाराला टेकणार नाहीत इतपतच.

पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली तर दोष फॉन्टचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा आणि छापखान्याला फाइल देण्याआधी पीडीएफमधला ‘स्त्रिया’ हा शब्द मोठा करून बघा.