प्रवेशापर्यंत उत्तम, पुढचा हिशेबच नाही

घरात आधी कुणीच कॉलेजात न गेलेल्या मुलांना उच्च शिक्षणापर्यंत पोचवणाऱ्या एका कार्यक्रमात मी तीन वर्षं मेंटॉर होते. शिकवणं आणि अर्जासाठीची मदत, याला पैकीच्या पैकी गुण. शनिवारचा वर्ग कधी चुकला नाही, प्रत्येक अर्ज चार-चार वेळा तपासून दिला जायचा. गडबड आहे ती यश मोजण्यात.

वर्षाअखेरीस आम्हाला एक फॉर्म यायचा. प्रत्येक मुलापुढे एकच रकाना : 'प्रवेश मिळाला? होय/नाही'. दुसऱ्या वर्षी एका मुलीपुढे मी आनंदाने 'होय' लिहिलं. पहिलं सेमिस्टर संपायच्या आत तिने कॉलेज सोडलं. फी माफ होती हो, पण रोजचा प्रवास, पुस्तकं आणि संध्याकाळची नोकरी यांचा मेळ बसेना. फोनवर हे सांगताना तिने दोनदा विचारलं, "ताई, माझ्यामुळे तुम्हाला कुणी बोललं का?" मी कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं, त्या वर्षाची नोंद बंद झालीय. अहवालात ती अजूनही यशस्वी आहे.

शिवाय मुलं निवडताना हुशार, धडपडी तेवढीच घेतली जातात. त्यातली काही तशीही कॉलेजात गेलीच असती. मग कार्यक्रमामुळे नेमका फरक किती पडला, हे कळणार कसं?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'एसॅप' या पदवी पुरी करायला मदत करणाऱ्या कार्यक्रमाची तपासणी मला म्हणूनच पटते. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांचे सोडत काढावी तसे दोन गट केले. एका गटाला ठरलेला सल्लागार, पुस्तकं आणि प्रवासखर्च दिला, दुसऱ्याला कॉलेजच्या नेहमीच्या सोयी. दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करणारे पहिल्या गटात ४० टक्के निघाले, दुसऱ्यात २२. तिथे दाखला हातात पडला की नाही हे मोजलं. आणि पुस्तकं, प्रवास... कॉलेज सोडलेली माझ्या गटातली ती मुलगी अडली ती नेमकी तिथेच.

मुलांना अशा कार्यक्रमात जरूर घाला. फक्त नाव नोंदवण्याआधी एवढं विचारा : तीन वर्षांपूर्वी प्रवेश मिळालेल्यांपैकी आज किती जण शिकतायत? मी शेवटच्या बैठकीत हेच विचारलं होतं. पुढ्यात आली ती यंदाच्या प्रवेशांची यादी.