उवांची स्टीलची फणी, पाच महिन्यांनंतर: तिसऱ्या दाताची कैफियत

घेतली तेव्हाच लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते. ऑगस्टात एक दिला असता. आज तीन देतेय, तेही हात आखडता घेऊनच.

१९९ रुपये, लांब दात, दातांवर मळसूत्रासारख्या बारीक चिरा, रबरी मूठ. चित्रात दिसते तशीच आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत चौथीतली लेक डोकं खाजवत घरी आली. केस कमरेपर्यंत, कापायचं नाव काढलं की रडारड.

आधी तिसऱ्या दाताचं सांगते. दुसऱ्याच महिन्यात फणी मोरीत पडली आणि डावीकडून तिसरा दात वाकला. पक्कडीने सरळ केला, तरी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये फट राहिलीच. त्या फटीतून ऊ सुटते. उगाच म्हणत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. बटेतून फणी ओढली आणि मागे तिळाएवढी बाईसाहेब केसावरून रमतगमत चाललेली. विक्रेत्याला कळवलं, तर 'वैयक्तिक वापराची वस्तू परत घेत नाही' आणि खाली हसरा चेहरा. अहो, परत कोण देतंय? दातांवर घालायला साधं झाकण मागितलं होतं. झाकणच नाही! दोन रुपयांच्या टूथब्रशला टोपी मिळते हल्ली.

ऑगस्टात उवा पुन्हा झाल्या तेव्हा सगळा दोष मी या फटीवरच ढकलला होता. तो मागे घेते. खरी चूक माझी. परमेथ्रिन या उवा मारणाऱ्या औषधाचं एक टक्क्याचं लोशन आणलं होतं. लावून दहा मिनिटांनी धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचं, कारण लिखा त्याने सगळ्या मरत नाहीत आणि आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात. पहिल्यांदा लावल्यावर डोकं साफ दिसलं, म्हणून मी उरलेली अर्धी बाटली कपाटात ठेवून दिली. अर्धी वाचवली आणि नंतर दोन आणल्या. त्यात केस मऊ राहावेत म्हणून आधी कंडिशनर लावलेला. त्वचेच्या डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं, "आधी केस कशाने धुतले?" कंडिशनरचा थर असला की लोशन नीट लागू होत नाही म्हणे. गप्प बसले.

गंमत म्हणजे त्याच कंडिशनरने शेवटी काम केलं, पण लोशनशिवाय, नुसत्या फणीबरोबर. ओल्या केसांना भरपूर चोपडायचा. कोरड्या केसांत सुसाट पळणाऱ्या उवा त्यात जागच्या जागी थिजतात. मग भांग पाडून एकेक बट मुळापासून टोकापर्यंत ओढायची, दर वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसायची. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्यायचा. पहिला, पाचवा, नववा, तेरावा दिवस कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी पेन्सिलीने लिहिले. त्या-त्या दिवशी निघालेल्या उवांचा आमचा हिशोब: ३१, १२, ४, ०. सतराव्या दिवशी पुन्हा बघितलं, शून्य. तोवर रोज संध्याकाळी लिखा ओढत बसायचे. टाळूपासून बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर किंवा त्याहून दूर असलेल्या लिखा म्हणजे बहुतेक रिकामी टरफलंच असतात, हे उशिरा कळलं.

सासूबाईंच्या दुहेरी फणीनेही करून पाहिलं. उवा येतात, लिखा मात्र हलत नाहीत, प्लास्टिकचे दात वळतात. म्हणजे स्टीलचे पैसे वाया गेले नाहीत, एवढं कबूल.

शेजारच्या काकूंनी सीताफळाच्या बियांची पूड आणून दिली होती. आमच्या लहानपणी सगळ्यांच्या घरी असायची. पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, म्हणून हात जोडून परत केली. रॉकेलचं तर नावच काढू नका. आणि पालकांच्या ग्रुपवर 'स्वच्छता पाळा' असं लिहिणाऱ्या ताईंना एक सांगायचंय: धुतलेल्या डोक्यातही उवा होतात. त्या उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत येतात. बाकावर चिकटून बसणाऱ्या दोन मैत्रिणी असल्या की पुरे. त्या मेसेजने बावचळून मी भर पावसाळ्यात घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. चार दिवस वाळल्या नाहीत, कुबट वास वेगळाच. डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत आपोआप मरते. अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यातून काढले असते तरी चाललं असतं.

आता दर रविवारी आंघोळीआधी पाच मिनिटं तपासणी असते. फटीवरचा उपाय असा: प्रत्येक बट दोनदा ओढते, दुसऱ्यांदा फणी उलटी धरून, म्हणजे फट दुसऱ्या बाजूला जाते. आणि झाकण म्हणून लेकीची जुनी कंपासपेटी काढलीय. फणी तिरकी ठेवली की बरोब्बर मावते, फक्त तिसरा दात पत्र्याला घासतो.