अनअर्थ्ड आर्काना (१९८५): बार्बेरियन घ्या, भांडण फ्री

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमचं (प्रत्येकजण एक पात्र घेऊन खेळतो) हे जुनं नियमांचं पुस्तक परत चाळलं. गेमच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने यात बार्बेरियन (रानटी योद्धा) आणि कॅव्हेलियर (घोडेस्वार सरदार) हे पात्रांचे नवे प्रकार आणले. कागदावर बार्बेरियन एकदम भारी, हिट पॉइंटला (किती मार सोसेल त्याचा आकडा) थेट बारा बाजूंचा फासा! पण नियम बघा, याला जादूचा तिटकारा, सुरुवातीच्या लेव्हल्सना जादूगाराबरोबर फिरायचंच नाही, आणि जादूची वस्तू फोडली की एक्सपीरियन्स पॉइंट (लेव्हल वाढवणारे गुण) मिळतात. म्हणजे पार्टीने (सोबत खेळणाऱ्या टोळीने) जीव धोक्यात घालून जादूची तलवार मिळवायची आणि या भाऊने ती तोडून लेव्हल वाढवायची, वर म्हणणार "माझं कॅरेक्टरच तसं आहे". अरे बाबा, मग जादूगार घेतलेल्या पोराने काय दारात बसायचं?

कॅव्हेलियरही तसलाच, शत्रू दिसला की प्लॅन गेला उडत, साहेब सरळ चार्ज करणार, कारण नियमच तसा. पॅलाडिन (धर्मनिष्ठ योद्धा) १९७८ च्या नियमांतही दुष्टांसोबत राहायचा नाही, पण ते निदान सेशनच्या (खेळायच्या बैठकीच्या) आधी बोलून मिटायचं, इथे भांडायचे पॉइंट मिळतात राव!

२०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये असलं काही नाही, बार्बेरियन आणि विझार्ड (जादूगार) मजेत एकत्र फिरतात. कलेक्शनसाठी घ्या, मला वाचायला मजा आली. खेळायला काढलंत तर बार्बेरियनचं पान स्टेपल करून टाका.